पिसं कुठली गेली, ते आधी बघा

प्रश्न : डॉक्टरबाई, स. न. वि. वि. आमच्याकडे राखाडी रंगाचा कॉकॅटिल (तुऱ्याचा छोटा पोपट) आहे. नाव चिकू, वय साडेचार. मुलाने कॉलेजात असताना आणला. जूनमध्ये मुलगा नोकरीला बंगळूरला गेला आणि चिकू माझ्या गळ्यात पडला. ऑगस्टपासून तो छातीची पिसं स्वतःच उपटतोय. रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा केर असतो. आता छाती सोललेल्या कोंबडीसारखी दिसते, बघवत नाही. मागच्या मंगळवारी पावसात लाइट गेली, त्या रात्री पिंजऱ्यात फार धडपड झाली. टॉर्च घेऊन गेले तर चिकू तळाशी बसलेला. सकाळी बघितलं तर डाव्या पंखाखाली रक्त. मी हळद आणि खोबरेल तेल लावलं. फरक पडेना म्हणून दोन दिवसांनी मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावली. आता तिथे रुपयाएवढी जखम आहे आणि तो तिला सारखी चोच लावतो. इथल्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी ‘पक्ष्यांचं आम्ही बघत नाही’ म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. शेजारी म्हणतात, सोडून द्या, पुण्य लागेल. घरात मुलीचा दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याला या रोगाची बाधा होईल का? चिकूचं खाणं म्हणजे राळे, सूर्यफुलाच्या बिया, कधी पोळी आणि संध्याकाळी माझ्याबरोबर चहातलं बिस्कीट. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतो. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, त्यामुळे तातडीचं जे होतं ते तुम्हाला कळलेलं आहे. मासिक छापून हातात पडेपर्यंत उघड्या जखमेचं पाखरू थांबत नाही. तरी सगळं पुन्हा सविस्तर लिहितेय, कारण अशीच हळद आणि अशीच ट्यूब लावलेली पाखरं दर महिन्याला माझ्या टेबलावर येतात.

मीठमोहऱ्या खुशाल ओवाळा. त्याने पाखराला काही होत नाही. हळदतेलाने होतं.

तुम्ही लिहिलंय ‘या रोगाची’. इथेच पहिली गाठ आहे. चिकूला एक रोग नाही, दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात, आणि तिसरी आपण केली आहे.

फोनवर मी तुम्हाला पहिला प्रश्न विचारला होता, ‘डोकं कसं आहे?’ तुम्ही म्हणालात, ‘तुरा झकास आहे, गालावरचे केशरी टिळेही आहेत, मानेवर एक पीस कमी नाही.’ पाखराला स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच नेता येत नाही. त्यामुळे छाती, पोट, मांड्या, पंखाची आतली बाजू उघडी आणि डोकं मात्र भरलेलं असेल, तर काम त्याच्याच चोचीचं. डोकंही उघडं पडत असेल तर गोष्ट वेगळी. मग सोबतचं दुसरं पाखरू उपटत असेल, किडे असतील, किंवा चोच-पिसांचा तो विषाणूचा आजार असेल, ज्यात नवी पिसं वाकडीतिकडी, चिमटा घेतल्यासारखी उगवतात. म्हणून औषध विचारायच्या आधी पिसं कुठली गेली ते बघायचं. गाईम्हशींमध्ये २६ वर्षं काढली मी. तिथेही म्हैस लंगडते म्हटल्यावर कुठला पाय, हे विचारल्याशिवाय आम्ही पिशवी उघडत नव्हतो.

आता ती मंगळवारची रात्र. तुम्ही ती पत्रात ओझरती लिहिलीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. कॉकॅटिल ही जात अंधारात दचकण्याबद्दल बदनाम आहे. हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, मोकळ्या मुलखातले पक्षी, थव्याने राहणारे. काही सळसळलं की सगळा थवा एकदम उठतो. पिंजऱ्यात तोच झटका आला की उडायला जागा नाही, दिसत तर काहीच नाही. पाल चमकून गेली, मांजर खिडकीशी आलं, विजेचा कडकडाट झाला किंवा नेहमीचा उजेड एकदम गेला, एवढं पुरतं. मग अंधारात गजांवर पंख आपटत राहतात. पंखात नवं पीस उगवत असेल तर त्याच्या दांड्यात रक्त खेळत असतं. त्याला पक्षी पाळणारे ‘ब्लड फेदर’ म्हणतात. ते मोडलं की नळ उघडल्यासारखं रक्त येतं. पंखाखालची कातडीही कागदासारखी पातळ, तीही फाटते. म्हणजे पंखाची जखम चिकूने उपटून केलेली नाही. ती अपघाताची आहे. छातीचं दुखणं ऑगस्टपासूनचं, पंखाचं मंगळवारपासूनचं.

मग जखम वाढली का? कारण तिच्यावर तेल पडलं. पाखराला अंगाला चिकटलेलं काहीही सहन होत नाही, ते चोचीने साफ करायला बसतं. तुम्ही तेल लावणार, तो चाटणार, चाटताना कोवळी खपली निघणार. तेलाने पिसं चिकटली की ऊब धरत नाहीत, ते निराळंच. हळदीबद्दल माझं भांडण नाही, माझ्याही बोटावर चाकू लागला की मी हळदच चेपते. पण सुटी हळद जखमेत घट्ट बसून खाली काय चाललंय ते झाकते. डॉक्टरला कडा काळी पडली आहे की नुसती पिवळी, हेच कळत नाही.

आणि ट्यूब. तुम्हाला मी फोनवर डबीवरचं नाव वाचायला लावलं. आपल्याकडे खाजेच्या म्हणून सर्रास मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, तुमच्याही होतं. माणसाच्या कोपराला ते एकवेळ चालेल. ९० ग्रॅमच्या जिवाच्या उघड्या कातडीतून आणि चाटून पोटातून असं दोन्ही वाटांनी ते आत जातं. पक्ष्यांची प्रतिकारशक्ती त्याने झपाट्याने खाली येते आणि जखम भरायची थांबते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. परळच्या ज्या कॉलेजात मी शिकले ते १८८६ सालचं, तिथे उत्तमोत्तम गुरू मिळाले, पण आमच्या वेळी अभ्यासात पाखरू म्हणजे कोंबडी. तालुक्याच्या दवाखान्यात असताना शेजारची एक शाळकरी मुलगी लव्हबर्ड घेऊन आली, पंखाखाली अशीच जखम. मी घरच्या कपाटातली ट्यूब काढली, मला त्या मलमाचा अंदाज होता, म्हशीच्या सडावर लावलेलं होतं. पाचव्या दिवशी पाखरू गेलं. ट्यूबनेच गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही, जखमेत आधीच पू असू शकतो. पण त्या मुलीने रिकामा पिंजरा माझ्या पायरीवर आणून ठेवला आणि काही न बोलता गेली. पक्ष्यांचं मी त्यानंतर शिकायला लागले, वयाच्या चाळिशीत.

तर जखमेचं आधी. पाखरू दवाखान्यात नेईपर्यंत घरी करायचं एवढंच. मेडिकलमध्ये सलाइनची छोटी बाटली मिळते, नॉर्मल सलाइन मागायचं. नसेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. गॉजचा तुकडा त्यात भिजवून जखमेवर नुसता टेकवायचा, घासायचा नाही. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, बधिर करणारी मलमं तर मुळीच नकोत. तेलकट पिसं साबणाने धुवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. ओलं पाखरू गारठतं आणि अशक्त असेल तर तेवढ्यानेच जातं. कोरड्या गॉजने जेवढं तेल टिपता येईल तेवढं टिपा.

धरताना हात रुमालात, रुमाल पातळ. अंगठा आणि पहिलं बोट डोक्याच्या दोन बाजूंना, बाकी मूठ सैल. छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. रडणाऱ्या पोराला आवळून धरावं तसं धरलं की पाखरू हातात गुदमरतं आणि आपल्याला वाटतं घाबरून गेलं.

रक्त आलं तर किती आलं याचा हिशोब ठेवा. चिकूच्या सगळ्या अंगात मिळून रक्त किती? चहाचे दोन चमचेही धड भरणार नाहीत. त्यामुळे गजांवर पाचसहा थेंब शिंपडलेले दिसले तर घाबरायचं नाही, पण थेंब पडतच राहिले तर दुपारची वाट बघायची नाही. मोडक्या पिसाच्या दांड्यातून येत असेल तर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लॉवर चिमटीने दाबून धरा. कातडीच्या जखमेवर पीठ नको, कोरडा गॉज दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने धरा, मध्ये उचलून बघू नका.

ऊब लागते. पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर, चौथी उघडी, आणि एका कडेला बाहेरून ४० वॅटचा पिवळा बल्ब, कापडापासून लांब. आत २८ ते ३० अंश. एकाच कडेला अशासाठी की गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता यावं. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून फाकवून बसला तर उकडतंय. रात्री बल्बाऐवजी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टेकवा, त्याला झोपही हवी. दांडी खाली आणा, तळाला साधा वर्तमानपत्राचा कागद घाला आणि रोज बदला. विष्ठा कशी आहे ते कागदावर दिसतं, भुशावर दिसत नाही.

चिकूला नेताना मी तुम्हाला सराफाच्या दुकानातून जायला सांगितलं, त्याचं तुम्हाला हसू आलं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर चपलाहाराच्या जागी पाखरू. ८१ ग्रॅम भरलं. कॉकॅटिल साधारण ८० ते १०० ग्रॅममध्ये असतो, म्हणजे कडेला आहे. आता किचनमध्ये वापरायचा ग्रॅमचा छोटा काटा घ्या आणि रोज सकाळी, दाणे टाकायच्या आधी, वजन वहीत लिहा. पिसं फुगवलेलं पाखरू गुबगुबीत दिसतं आणि आतून नुसतं छातीचं हाड राहिलेलं असतं. आठ ग्रॅम उतरले तर तो आजारी आहे, मग दिसायला कितीही बरा दिसो. तळाशी बसून राहणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, जखमेला वास येणं, कडा काळी पडणं, दिवसभर दाणा न फोडणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. नुसती फोल पाडतोय की गर खातोय तेही बघा. वाटीत फोलपटं साचली की भरलेली दिसते. या वाटीने फसलेली कितीतरी माणसं मी बघितलीत.

पक्षी बघणारा डॉक्टर तुम्हाला कोल्हापुरात मिळाला हे बरं झालं. त्यांनी मानेत गळपट्टी घातली, ती एसीच्या पाइपावर असतो त्या काळ्या फोमची, हे ऐकून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं. अहो, उत्तम असते ती. हलकी, कातडीला न कापणारी. प्लास्टिकच्या कडक झाकणापेक्षा पाखरू त्यात तोल लवकर सांभाळतं. फक्त घरी कुणी आपल्या मनाने कापून घालू नये. पहिले काही तास समोर बसावं लागतं, खाता येतंय का, पाय अडकतोय का ते बघायला. काही पाखरं पट्टीच्या रागाने खाणंच सोडतात, त्यांची पट्टी काढावी लागते.

आता छातीकडे येते. हे लांबणारं प्रकरण आहे.

पिसं उपटण्याचं पहिलं कारण मनाचं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. आधी अंगाचं बघायचं. कॉकॅटिलमध्ये जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी खाजेचं कारण असतो, असं पक्ष्यांचे डॉक्टर पुष्कळदा बघतात. त्यासाठी ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि एकदा दिसला नाही म्हणून तो नाही असं नसतं, दोन-तीनदा बघावं लागतं. पिंजऱ्याच्या जस्ताचा मुलामा उडालेल्या तारा चघळणारं पाखरू जस्ताच्या विषबाधेनेही आजारी पडतं. तुमचा पिंजरा किती जुना, गजांवर पांढरी भुकटी सुटते का, ते बघा.

आणि खाणं. राळे आणि सूर्यफूल म्हणजे माणसाने जन्मभर भात आणि शेंगदाणे खाण्यासारखं. त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नाही. ते कमी पडलं की कातडी कोरडी होते, खाजते, जखमा भरत नाहीत. मिरजेच्या बाजारात औषध पडलंय, लाल भोपळा, गाजर, कोथिंबीर, मेथी, आणि माझ्या मते सगळ्यांत भारी शेवग्याचा पाला. ओल्या पाल्याची डहाळी गजाला उलटी टांगा. तो आधी घाबरेल, मग फाडेल, मग कधीतरी चुकून गिळेल. पंधरा दिवस धीर धरा. उपाशी ठेवून सवय लावू नका, वहीतलं वजन बघत बघत सूर्यफूल कमी करा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगा, रत्नागिरीकडचे पाहुणे येताना किनाऱ्यावरचा उचलून आणतात तो, फक्त आधी गोड्या पाण्यात भिजवून मीठ घालवून उन्हात वाळवा. चहाचं बिस्कीट बंद. मला ठाऊक आहे की तो तुमच्या दोघांचा संध्याकाळचा कार्यक्रम आहे. बिस्किटाच्या जागी भोपळ्याची वाफवलेली फोड द्या, कार्यक्रम चालू ठेवा. फरसाण, चॉकलेट, अॅव्होकॅडो कधीच नाही.

एवढं सगळं झाल्यावर मन. मुलगा जूनमध्ये गेला, उपटणं ऑगस्टमध्ये सुरू झालं. कॉकॅटिलला थवा लागतो आणि चिकूचा थवा म्हणजे तुमचा मुलगा होता. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘माझ्याशीही तो आता पहिल्यासारखा बोलत नाही’. ते मुलाबद्दल म्हणालात की चिकूबद्दल, मी विचारलं नाही.

घाईने दुसरं पाखरू आणू नका. नवं पाखरू नवा आजार आणू शकतं. आणायचंच ठरलं तर महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवून मगच. आणि दोघांचं पटेलच असं नाही. त्यापेक्षा चोचीला काम द्या. राळे कागदाच्या पुडीत गुंडाळून पीळ घाला. मक्याच्या कणसाची हिरवी सालं द्या. पेरूची ताजी फांदी, औषध न मारलेली, सालासकट दांडी म्हणून बसवा, दिवसभर सोलत बसेल. सुतळी, लोकर, दोरे नकोत, पायाला फास बसतो. उपटायला लागला की तुम्ही ‘अरे नको रे’ म्हणत धावत जाता ना? त्याला एवढंच कळतं की पीस उपटलं की आई येते. तेव्हा वळूनही बघू नका. शांत बसला असेल तेव्हा जाऊन बोला.

टीव्हीशेजारून पिंजरा हलवा. साडेदहापर्यंत तुमच्या मालिका चालतात, पहाटे सासूबाई काकडआरती लावतात, पाखराची झोप झाली किती? त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. मात्र मिट्ट काळोख नको, नाहीतर मंगळवार पुन्हा होईल. झिरोचा बल्ब ठेवा आणि लाइट गेल्यावर आपोआप लागणारा बॅटरीचा छोटा दिवा घ्या. जखम पूर्ण भरली की आठवड्यातून तीनचारदा सकाळच्या उन्हात कोमट पाण्याचे तुषार. आणि ज्या खोलीत पाखरू तिथे नॉनस्टिक तवा कोरडा तापू देऊ नका. तो जास्त तापला की त्याच्या वाफेने पाखरं मिनिटांत मरतात. उदबत्ती, धूप, दिवाळीचे फटाके, यांचाही धूर त्याच्यापासून लांब.

नातवाचं. चिकूचं पीस उपटणं त्याला लागणार नाही. पण पोपटवर्गातल्या पक्ष्यांकडून सिटॅकोसिस नावाचा ताप माणसाला होऊ शकतो. तळाचा कागद बदलताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, वाळलेली विष्ठा उडवत झाडू नका, आणि नातू तेव्हा खोलीत नको. घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना ‘घरात पक्षी आहे’ हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. कॉकॅटिलच्या अंगाची पांढरी पावडर दमेकऱ्यांना त्रास देते, तेवढंही लक्षात असू द्या.

सोडून देण्याचं पुण्य शेजाऱ्यांनाच लखलाभ होवो. चिकू पिंजऱ्यात जन्मलेला, परदेशी जातीचा, अर्ध्या छातीचा पक्षी. दाणा कुठे मिळतो, कावळा कसा दिसतो, त्याला काही माहीत नाही. दुपारपर्यंत घार त्याला उचलेल.

पिसं परत येतील का? मुळासकट उपटलेलं पीस महिना-दोन महिन्यांत पुन्हा उगवायला लागतं. कुरतडून अर्धं राहिलेलं असेल तर ते पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहणार. नवी पिसं आधी काट्यांसारखी दिसतात, पांढऱ्या वेष्टनातली. त्यांना अळ्या समजून चिमट्याने ओढणारे लोक मी बघितलेत, तसं करू नका. आणि एकाच जागचं पीस वर्षानुवर्षं उपटलं गेलं तर त्याचं मूळच मरतं, तिथे पुन्हा काही येत नाही. चिकूचे तीनच महिने झालेत.

कालच तुमचा फोन होता. पंखाखालची जखम करंगळीच्या नखाएवढी राहिली, वजन ८६, छातीवर अजून काही नाही. आणि भोपळा त्याने तुमच्या अंगावर फेकला. फेकू दे. चोचीत धरला तर खरा.

प्रश्न : आमच्याकडे लव्हबर्डच्या दोन जोड्या आहेत, हिरव्या-पिवळ्या, अंगावर काळ्या रेघा. एका नराच्या चोचीच्या वर आणि पायांवर चुना लागल्यासारखं झालंय, डोळ्याभोवतीची पिसं गेलीत. नखाने खरवडलं तर रक्त आलं.
— कॉलेज विद्यार्थी, नाशिक

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे ते लव्हबर्ड नाहीत, बजरीगर आहेत. आपल्याकडे क्रॉफर्ड मार्केटपासून आठवडी बाजारापर्यंत सगळेच त्यांना लव्हबर्ड म्हणतात, तुझी चूक नाही, पण डॉक्टरकडे जाताना खरं नाव सांग, औषधाचा हिशोब बदलतो. दुसरं, खरवडू नकोस. तो चुना नाही, कातडीत बोगदे करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांनी केलेलं पोखरण आहे. भिंगातून बघितलंस तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतील. यावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर गुण छान येतो. उशीर केला तर चोच वाकडी वाढते, ती मग जन्मभर कापत बसावी लागते. औषध आयव्हरमेक्टिन, पण गोठ्यातली बाटली उघडू नकोस. ते इंजेक्शन तीनचारशे किलोच्या जनावरासाठी, तुझं पाखरू ३५ ग्रॅमचं. थेंबाच्या चुकीने जीव जातो. डॉक्टर पातळ करून वजनावर देतील, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतील, बरं दिसलं तरी जायचं. चारही पाखरांना द्यायचं. लाकडी दांड्या आणि घरट्याची मडकी फेकून नवी आण.

प्रश्न : बागेत मांजराच्या तोंडातून पोपट सोडवला. शेपटीची सगळी पिसं गेली, अंगावर जखम दिसत नाही, हुशार आहे, पेरू खातो. नातवंडांनी पिंजरा आणलाय. पिसं येईपर्यंत काय लावावं?
— निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : काका, काही लावू नका, निघा. मांजराचा दात सुईसारखा असतो, भोक पिसांखाली दडतं आणि तोंडातले जंतू आत राहतात. हुशार दिसणारं पाखरू एक-दोन दिवसांत जातं. मांजराने धरलेल्या प्रत्येक पक्ष्याला, जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. शेपटीची काळजी नको. भीतीने पाखरू शेपटीची पिसं एकदम सोडून देतं, मांजराच्या तोंडात पिसं राहतात, पक्षी सुटतो, ती पुन्हा येतात. पिंजऱ्याचं मात्र ऐका. आपला रानातला पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, प्रेमाने पाळला तरी. वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे, फोन करून कळवा, ते नेण्याची व्यवस्था सांगतील. तोपर्यंत भोकं पाडलेला बुटांचा खोका, तळाशी टॉवेल, अंधार आणि शांतता. नातवंडांना खोका उघडून बघू देऊ नका. पिंजरा दुकानदार परत घेत असेल तर बघा.

प्रश्न : आमच्या पिवळ्या कॉकॅटिलला तुऱ्यामागे टक्कल आहे. घेतला तेव्हापासून आहे. कुठलं तेल?
— गृहिणी, बदलापूर

उत्तर : कुठलंच नाही. पिवळ्या जातीत ते बऱ्याचदा जन्मजात असतं, बापाला असेल, आजोबालाही असेल. तुरा पाडून बसला की दिसत नाही.